छडी उद्या देतो, नाना

भागवत, तुझं कार्ड आलं तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होतो. तुझं म्हणजे तुझ्या बातमीचं. लिहिलं होतं तुझ्या पुतण्याने. वरती 'श्री' नव्हतं, तिथेच मी ओळखलं. पोस्टमनने कार्ड देताना माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने वाचलेलं असणार, कार्ड कोण वाचत नाही! असलं कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं, घरात न्यायचं नाही, हे तुलाही माहीत आहे. मी शाळेच्या पायरीवर उभं राहून वाचलं. फाडलं मात्र नाही. अरे गाढवा, तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. माझं कार्ड तू फाडायचं होतंस.

कावीळ झाली, अंगावर काढली, शिरपूरला आणेपर्यंत उशीर झाला. एवढंच होतं त्यात. तुझ्या आयुष्यात वेळेवर केलेली गोष्ट कोणती, मला एक सांग. हजेरी तू दुपारी भरायचास. महिन्याचं पत्रक मी तुझ्यामागे लागून लागून लिहून घ्यायचो. दवाखान्यात तरी वेळेवर जायचंस रे!

आता लोक तुझ्याबद्दल बोलताना फार चांगलंचुंगलं बोलतील. बोलू देत. मी तसलं काही लिहिणार नाही, मला ते जमत नाही आणि तुला ते आवडलंही नसतं. तू अत्यंत अव्यवस्थित माणूस होतास. तुझ्या वर्गात पाय ठेवला की आधी काहीतरी पायाखाली यायचं. कधी चिंचोके, कधी सरकी, एकदा तर जिवंत कासव. मी ओरडायचो, "भागवत, ही शाळा आहे की सोनगीरचा बाजार?" आणि तू दात काढून म्हणायचास, "नाना, बाजारात पोरं रडतात का कधी? शाळेत येताना रडतात."

यावर मी आणखी ओरडायचो.

तू आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. आपली दोन शिक्षकांची शाळा. एकच लांब खोली, मध्ये तट्ट्याचा आडोसा. अलीकडे माझी तिसरी-चौथी, पलीकडे पहिली-दुसरी. आधीचे मास्तर गेल्यापासून ती पोरं मोकाट सुटलेली. फैजपूरकडचा कोणी नवा मास्तर येतोय असं कळलं होतं. मला वाटलं केळीच्या मुलखातला माणूस आहे, जरा शहाणासुरता असेल. तू उतरलास तो खांद्यावर वळकटी आणि हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं घेऊन. मी विचारलं, "पुस्तकं का?" तू ते माझ्या टेबलावरच सोडलंस. आत केळीचा एक वाळका कंद, मोटेचं फाटकं कातडं, बैलाच्या गळ्यातली घंटा, पाभरीचं बी पेरायचं लाकडी चाडं, दोन दगडी पावशेर आणि बायकोची मोडकी चाळणी. मी कपाळाला हात लावला.

तुझी पद्धत मात्र पक्की होती, हे मान्य करतो. वस्तू विकत आणायची नाही. ज्याच्या घरची असेल त्याच्याकडून मागून आणायची आणि काम झालं की परत करायची. पोराने वस्तू आणली की त्याने वर्गापुढे उभं राहून आधी तीन गोष्टी सांगायच्या. ही वस्तू कोणाची. कुठून आणली. परत कधी देणार. मग दिवसभर त्या वस्तूचा गुरुजी तो. वर्गातली पोरं एका सुरात विचारायची, "कोनी शे? कोठेन आनी? कव्हय परत देशी?" तट्ट्याच्या अलीकडे माझ्या पोरांचं पाढ्यांवरून लक्ष उडायचं. ज्या पोरांच्या तोंडून आम्हाला महिना महिना शब्द काढता येत नव्हता ती आपल्या आजोबांचा अडकित्ता धरून भाषण ठोकायची.

एकदा श्रावणात तू त्या खापराचा घोटाळा केलास. पृथ्वी गोल आहे हे तुला शिकवायचं होतं आणि शाळेत पृथ्वीचा गोल नव्हता. एका मुलीने घरचं मांडे भाजायचं खापर आणलं. तू ते पालथं घातलंस, त्यावर खडूने समुद्र काढलास, जमिनी काढल्यास, आणि मुंगीला त्याच्यावर चालायला सोडलंस. पोरं अशी जमली की खापराला कोपर लागलं आणि पृथ्वीचे चार तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी कानबाईचा सण! त्या मुलीची आई थेट माझ्यापुढे येऊन उभी, कारण मोठे गुरुजी मी. "आते मांडा काय तुम्हना डोकावर भाजू का, मास्तर?" मी तुझ्यावर ढकललं. तू हात जोडलेस आणि शाळा सुटल्यावर सोनगीरला चालत जाऊन, कुंभाराकडून नवं खापर घेऊन, डोक्यावर ठेवून परत आलास. येताना गावातली पोरं तुझ्या मागून ओरडत होती, "गुरुजी पृथ्वी लई उनात!" तू पृथ्वी घेऊन आलास, आणि त्या बाईला हसू आवरेना. तिने दुसऱ्या दिवशी तुला मांडे पाठवले. मलाही पाठवले होते. मी रागाने खाल्ले नाहीत. आता वाटतं खायला हवे होते.

आणि ती छडी.

माझी वेताची छडी. धुळ्याच्या बाजारातून निवडून आणलेली, तेल पाजून पाजून मऊ केलेली. मी मारकुटा मास्तर होतो, लपवून काय उपयोग. माझ्या गुरुजींनी मला मारलं, मी माझ्या पोरांना मारलं, आणि ती शिकली म्हणून मी स्वतःवर खूश. तेव्हा नवीन मापं आलेली. शेर-पावशेर जाऊन किलो, वार जाऊन मीटर. पोरांच्या घरी अजून हात आणि वीतच चालायची. शाळेला मीटरपट्टी येणार येणार म्हणून वर्ष गेलं, पण पट्टी काही आली नाही. तू तट्ट्यावरून डोकं काढलंस. "नाना, छडी द्या जरा. उद्या देतो."

तू ती घेऊन कापडदुकानात गेलास. त्या मारवाडी शेठजींकडे नवा लोखंडी मीटर आला होता. त्याला छडी लावलीस, जास्तीची चार बोटं कापून टाकलीस, आणि दाभण तापवून दहा दहा सेंटिमीटरवर डाग दिलेस. मी ती पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. "माझी छडी कापलीस?" तू शांतपणे म्हणालास, "मारायला एवढीबी पुरते, नाना. पण आता मापायले बरोबर झाली."

"परत दे."

"उद्या देतो."

तो उद्या कधी आलाच नाही. जगातली प्रत्येक वस्तू तू ज्याची त्याला परत केलीस. कासव नदीत सोडून आलास. चाळणीसुद्धा बायकोला परत दिलीस. माझी छडी तेवढी नाही. मी रोज मागायचो, तू रोज म्हणायचास, उद्या देतो. आपल्या रामरामासारखाच तो एक परिपाठ झाला होता. मी दुसरी आणली, पण तिला ती लवचिकता नव्हती, किंवा मलाच तसं वाटायचं. तुझ्या वर्गात मात्र पोरं त्या छडीला चिकटून उभी राहायची. जून महिन्यात पहिलीत आलेलं पोर छडीपेक्षा बुटकं असलं की ते दर शनिवारी उंची मोजायला यायचं, आणि ज्या दिवशी त्याचं डोकं छडीच्या वर जाईल त्या दिवशी तू सगळ्या वर्गाला गूळ वाटायचास. मी बघायचो. तीच छडी. माझ्या बाजूला असती तर पोरं तिला बघून मागे सरली असती.

हे मी तुला कधी बोललो नाही. मी फक्त म्हणायचो की तुझी पोरं पाढ्यात कच्ची आहेत. होतीच, भागवत! ते भांडण आजही माझ्यापुरतं मिटलेलं नाही. वस्तू हातात देऊन सतराचा पाढा येत नाही. तो घोकावाच लागतो. तू म्हणायचास, "नाना, ज्याले कशाचे सतरा तेच माहीत नाही, त्यानं घोकून काय करावं?" या वाक्यावर आपण सहा वर्षं भांडलो. दहा मिनिटं आणखी मिळाली असती तर मी आजही भांडलो असतो.

आता तपासणीचं लिहितो. ते लिहायचं नाही म्हणून मी आतापर्यंत कासव आणि खापर सांगत बसलो.

साहेब येणार म्हणून कळलं आणि माझी झोप उडाली. माझ्या वर्गाची काळजी नव्हती. तुझ्या वर्गातला तो पसारा साहेबांनी बघितला तर मोठे गुरुजी म्हणून नाव माझं जाणार, ही काळजी. आदल्या दिवशी तू घरी गेल्यावर मी तुझं गाठोडं बांधून कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. मग तालुक्याहून आलेले छापील तक्ते काढले. ते गुंडाळून गुंडाळून पिवळे पडले होते. कोऱ्या भिंतीवर ते शोभतील तसे लावले. एकाला जागा उरेना, म्हणून तो खिडकीवर ठोकला. पोरांचं लक्षही बाहेर जाणार नाही, असा दुहेरी विचार. त्या तक्त्यावर कापसाचं झाड होतं.

तू सकाळी आलास, भिंती बघितल्यास, माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "किल्ली द्या, नाना." मी म्हणालो, "उद्या देतो." तुझीच चाल तुझ्यावर उलटवली याचा मला काय आनंद झाला होता!

साहेब आले. नेमकं त्या खिडकीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी पुढच्या रांगेतल्या सुमनला विचारलं, "हे काय आहे बाळ?" सुमनने मान वाकडी करून नीट बघितलं. हिरव्या देठावर पांढरा गोळा, पोराच्या डोक्याएवढा. ती म्हणाली, "फुलगोबी शे, साहेब."

दुसऱ्याने सांगितलं, ढग. तिसरा म्हणाला, म्हातारबाबांचं डोकं. साहेबांचा चेहरा उतरला. "अरे, हा कापूस! कापसाच्या मुलखात राहता आणि कापूस ओळखता येत नाही?" मी घामाने भिजलो. आणि तू हसलास. मोठ्याने, तुझ्या त्या पद्धतीने, खांदे हलवत. पुढे गेलास आणि तो तक्ता एका झटक्याने खिडकीवरून काढलास.

बाहेर पांढरं शेत होतं. ऐन वेचणीचे दिवस. बायका कमरेच्या ओट्यात कापूस घेऊन वाकलेल्या, आणि त्यातली एक सुमनची आई. तू म्हणालास, "सुमन, साहेबांना सांग, आई काय करते." मग ती पोरगी सुटलीच. खाली गळून पडलंय ते पातं, ती फुलं, त्या कैऱ्या म्हणजे कच्ची बोंडं, हे पिकलेलं बोंड, यातून सरकी निघते, ओला कापूस वेचला की पिवळा पडतो, म्हणून दव उडाल्यावर वेचायचा, आणि बोंडाचं टोक नखात कसं घुसतं, हे तिने स्वतःचं बोट पुढे करून दाखवलं. साहेब खिडकीशी उभे राहून ऐकत होते. ते खूशच झाले होते, भागवत. मी तिथेच गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं.

पण खिडकीवर तक्ता कोणी ठोकला हे सगळ्या वर्गाला कळलं होतं. तू हसला होतास. मला वाटलं तू मलाच हसलास. चहा घेताना साहेबांनी सहज विचारलं, "हे धाकटे गुरुजी कसे आहेत?" आणि मी म्हणालो की ते मुलांना वस्तूंचा नाद लावतात, चित्र ओळखता येत नाही ते त्यामुळेच, पाढे मागे पडलेत, मोडतोडीच्या तक्रारी घरून येतात. साहेब म्हणाले, असं असेल तर लेखी द्या. मी चार ओळी लिहून दिल्या. माझ्या सुंदर अक्षरात.

त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. खापर खरंच फुटलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती, हे मी त्या चार ओळींत लिहिलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत तुझी बदली आली. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे बस जात नव्हती. तू कुरकुर केली नाहीस. हमरस्त्यावर एस.टी.ला तुला सोडायला अर्धं गाव आलं होतं. मी मागे उभा. तू खिडकीतून गाठोडं मांडीवर घेऊन ओरडलास, "नाना, छडी माझ्याकडेच राह्यली बरं का! उद्या देतो!" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी तुला सांगायचं होतं. बस सुरू झाली.

मग दर दिवाळीनंतर तुझं कार्ड यायचं. सांगायला खुशाली दोन ओळी, मागायला वस्तू दहा. इथे कापूस नाही, चार बोंडं पाठवा. सोनगीरच्या तांबटांकडून पत्र्याचा एक तुकडा मिळाला तर बघा, भांडं घडण्याच्या आधी काय असतं ते पोरांना दाखवायचंय. बोंडं मी पाठवली. पत्राही पाठवला. चिठ्ठी मात्र कधी घातली नाही. काय लिहिणार होतो? खुशाली लिहायला बसलो की त्या चार ओळीच पुढे यायच्या. तुला वाटलं असेल नाना कामात असतील.

एकदा तू लिहिलंस, इथल्या पोरांनी आगगाडी पाहिलेली नाही, धुळे-चाळीसगाव गाडीचं एखादं तिकीट पाठवा, वापरलेलं चालेल. वापरलेलं तिकीट तर स्टेशनावर काढून घेतात. मी मुद्दाम धुळ्याला गेलो, चाळीसगावचं तिकीट काढलं आणि गाडीत न बसता घरी परत आलो. ते पुठ्ठ्याचं छोटं तिकीट हातात घेऊन ठरवलं, या वेळी चिठ्ठी लिहायचीच. माफी मागायची आणि तिकीट आत घालायचं. सात वर्षं झाली. तिकीट माझ्या चष्म्याच्या घरात होतं. रोज चष्मा काढताना दिसायचं.

तुझ्या बातमीच्या कार्डानंतर मी शिरपूरला गेलो. तिथून बैलगाडी, मग पायी. तुझं दहावं होऊन गेलं होतं. तुझं घर बघितलं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, आणि पलीकडे शाळेचं छप्पर. वहिनी सामान बांधत होत्या. किती वाळल्यात रे! मला बघून पदर घेतला, पाणी दिलं. 

मग त्यांनी सांगितलं की पडून होतास तेव्हाही तुझं एकच चाललं होतं. गाठोडं सोडायला लावायचास आणि पोरांना हाक मारून एकेक वस्तू परत पाठवायचास. ही ढोलकी त्या पाड्यावरची. हा तीर त्या म्हाताऱ्याचा. हा मध ठेवायचा वाळका दुधी अमकीच्या आजीचा. शेवटी लुगडं रिकामं झालं. त्यात एकच वस्तू राहिली. वहिनींनी ती आणून माझ्यापुढे ठेवली.

"ते म्हणाले, नानांची आहे. परत द्यायची राहिली. पाठवली नाही, कारण दिली असती तर नानांनी पोरांना मारलं असतं."

असं म्हणालास तू! मरताना! मी छडी हातात घेतली. माझी तेल पाजलेली छडी, तुझ्या हातात आणखी गुळगुळीत झालेली. तुझे दाभणाचे डाग तसेच. वरच्या टोकाला गुळाचा चिकट हात लागून लागून काळं झालेलं. मी वहिनींपुढे रडलो, भागवत. साठीला आलेला माणूस, हुंदके देऊन रडलो. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं, चहा, चार ओळी, किल्ली. वाटलं, तुला नाही तर निदान त्यांना तरी सांगावं.

त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

मी छडी खाली ठेवली.

"बदलीचा कागद आणायला गेले तेव्हाच कारकुनाने तुमचं लिहिलेलं दाखवलं होतं. घरी येऊन मला म्हणाले, अक्षर नानांचंच आहे, एक काना वाकडा नाही." माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ते विसरले. मी नाही विसरले, नाना. माझी धाकटी याच डोंगरात तापाने गेली. डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर होता."

तू मला कधी लिहिलं नाहीस. दहा वर्षं बोंडं मागत राहिलास, तिकीट मागत राहिलास, आणि हे लिहिलं नाहीस. मुलगी गेली हेही नाही. अरे, मला शिव्या तरी घालायच्या होत्यास! मी लायक होतो त्याला. तू वस्तू मागायचास ते मला बोलतं करायला का? मी चिठ्ठी घालावी म्हणून दर दिवाळीला दार उघडं ठेवत होतास, आणि मी पत्र्याचा तुकडा पुडीत बांधून पाठवत होतो?

तिकीट मी वहिनींना दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "हे कधी मागितलं होतं?" मी सांगितलं, सात वर्षांपूर्वी. त्यांनी ते तुझ्या दिव्यापाशी ठेवलं आणि पुन्हा सामान बांधायला लागल्या. निघताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. तेच बरोबर होतं.

काल शाळेत गेलो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तुझी छडी घेऊन मी वर्गात शिरलो आणि एकदम शांतता झाली. माझ्या वर्गात अशी शांतता नेहमीचीच. तिचा मला अभिमान होता. पुढच्या रांगेतल्या मुलीने छडीकडे बघितलं, आणि मी काही विचारायच्या आत तळहात पुढे केला. डोळे घट्ट मिटलेले. तिच्या शेजारणीने केला. मग तिसरीने. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात माझ्यापुढे पसरलेले. कोणाची काही चूक नव्हती. त्यांना वाटलं, आज नवी छडी आली म्हणजे आज सगळ्यांना. हे मी शिकवलंय, भागवत. पस्तीस वर्षांत पोरांना मी पक्कं काय शिकवलं असेल तर हे.

मी म्हणालो, "हात खाली घ्या." कोणी घेईना. शेवटी मी पुढच्या मुलीजवळ खाली बसलो, खिशातली गुळाची पुडी सोडली आणि तिच्या त्या पसरलेल्या हातावर खडा ठेवला. तिने एक डोळा उघडला. मग हळूहळू बाकीचे हात खाली गेले.

मी उभा राहिलो. तुझ्यासारखं करायचं ठरवून आलो होतो. म्हणालो, "वर्गात वस्तू आणली की आणणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली, ही छडी कोणाची. ही भागवत गुरुजींची आहे. दुसरी, कुठून आणली. शिरपूरच्या पलीकडून, डोंगरातून, त्यांच्या घरून."

 मी टेबलाला धरून उभा राहिलो. पोरं वाट बघत होती. तीच मुलगी, गूळ गालात धरून, बोटं मिटत मोजत होती. तिने दोन मिटली आणि तिसरं धरून ठेवलं.

"गुरुजी, दोनच व्हयन्यात. तिसरी? कव्हय परत देशात?"

"उद्या देतो," मी म्हणालो.